ज्याचे हत्यार, त्याची पूजा

एकदा एक व्यापारी दसऱ्याच्या तोंडावर अचानक उदार झाला. गावाबाहेर त्याचा सूत रंगवण्याचा कारखाना होता. तिथल्या प्रत्येक कामगाराला त्याने एकेक नवाकोरा फोन दिला. देताना व्यवस्थापकाने एवढेच बजावले, की फोन आतून पुसून कोरा करायचा नाही आणि बाहेरच्या कोणाकडून उघडून घ्यायचा नाही. लोकांनी आनंदाने माना डोलावल्या. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, ही आपली जुनी शिकवण. आणि धर्म करणाऱ्यांना ती आपल्यापेक्षा अधिक पाठ असते.

वेशीजवळच्या धर्मशाळेत एक वृद्ध सत्पुरुष राहत. लोक त्यांना गुरुजी म्हणत आणि अडलेनडले त्यांच्याकडे सल्ल्याला येत. व्यापाऱ्याने एक फोन त्यांनाही पाठवला. गुरुजींजवळ एक शिष्य होता. तो पूर्वी महाविद्यालयात संगणक शिकवीत असे. संसार त्याने सोडला होता, पण यंत्रातले आपल्याला सारे कळते, हा समज काही सुटला नव्हता.

खंडेनवमीला ज्याने त्याने आपापल्या हत्याराची पूजा करायची, ही रीत. शिष्याने सकाळी पाटावर कोयता, खुरपे आणि विहिरीचा दोर मांडला, आणि शेजारी कौतुकाने तो फोनही ठेवला. गुरुजींनी एकेका वस्तूला हळदकुंकू वाहिले. फोनपाशी येताच मात्र त्यांनी तो उचलला आणि शिष्याच्या हातावर ठेवला.

"हा त्या व्यापाऱ्याकडे नेऊन दे," ते म्हणाले. "पूजा त्याला करू दे. ज्याचं हत्यार, त्यानं पूजावं."

शिष्याला हसू आले. "गुरुजी, तो आपल्याला दिलाय त्यांनी. आणि मी त्यातलं नको ते सगळं काढून टाकलंय. खेळ, जाहिराती, खरेदीची दुकानं, सगळं. आता आत काही नाही."

"बरं," गुरुजी म्हणाले. "तूर्त अंगणाच्या त्या टोकाला ठेव."

तेवढ्यात हौसाबाई आल्या. त्यांचा नवरा त्याच कारखान्यात वाफेची टाकी फुटून गेला होता. चूक त्याचीच, असे व्यापाऱ्याने सर्वांना सांगितले होते, आणि मोठ्या मनाने विधवेला कामावर घेतले होते. त्यांनाही फोन मिळाला होता. गुरुजींनी तोही अंगणाच्या टोकाला ठेवायला लावला आणि मगच त्यांना बोलू दिले.

"टाकीचा वाफ सोडायचा व्हॉल्व महिनाभर अडकलेला हुता, गुरुजी," हौसाबाई म्हणाल्या. "ह्यांच्या जोडीला टाकीवर असलेल्या सिद्रामभाऊंनी ह्यांच्यादेखत साहेबाला सांगितलेलं. टाकी फुटली अन् भाऊ भिऊन पळाले. कुठं हाईत ते मला एकलीला ठावं हाय. आज जाऊन पाय धरते त्यांचे. उद्याचा दसरा झाला की परवा अधिकारी जबानी घ्यायला येणार हाईत. भाऊ खरं बोलले, तर ह्यांच्यावरचा डाग जाईल."

"जा," गुरुजी म्हणाले. "पण तो फोन घरी ठेवून जा."

हौसाबाईंनी अंगणाच्या टोकाचा आपला फोन उचलला, आणि शिष्य त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेला. एकटी बाई परगावी निघालेली, हातात फोन नको म्हणजे काय, असे त्याला वाटले. म्हाताऱ्या माणसांना नव्या वस्तूची भीतीच असते, असेही वाटले. "ताई, जवळ असू द्या हा," तो म्हणाला. "द्या इकडे." तिथेच उभ्या उभ्या त्याने त्यांच्याही फोनमधले नको ते काढून टाकले. "घ्या. आता हा खरा तुमचा झाला."

शिकलेला माणूस इतक्या खात्रीने सांगतो, म्हणून हौसाबाईंनी फोन कमरेच्या पिशवीत ठेवला आणि त्या निघाल्या.

सिद्राम बहिणीच्या गावी एका शेतातल्या खोलीत लपून राहिला होता. हौसाबाईंना पाहून तो लहान मुलासारखा रडला. "येतो वहिनी," तो म्हणाला. "मी येतो. समदं सांगतो."

दसऱ्याच्या दुपारी त्या खोलीपुढे व्यापाऱ्याची गाडी येऊन उभी राहिली. व्यवस्थापक खाली उतरला. त्याच्या हातात आपट्याची पाने होती. त्याने आवाज चढवला नाही, कोणाला बोट लावले नाही. सिद्रामच्या हातावर पाने ठेवली. त्याच्या चिमुरड्या भाचीच्या हातावरही ठेवली, तिचे नाव विचारले, शाळा कोणती ते विचारले. मग सिद्रामकडे पाहून म्हणाला, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." आणि गाडी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यासमोर सिद्रामने खाली मान घातली आणि सांगितले, की आपण काही पाहिले नाही, कोणाला काही बोललोही नाही. मेलेल्याचीच चूक कायम झाली.

हौसाबाई थेट धर्मशाळेत आल्या. त्यांनी फोन शिष्यापुढे ठेवला. "दादा, भाऊंचा ठिकाणा मी कुणापाशी बोलले न्हाई. तुम्ही म्हणलात, ह्यो माझा झाला. मग मालकाला कुणी सांगितलं?"

शिष्याने फोन उचलला. तो फोनच्या आतल्या कप्प्यांत शिरला, एरवी कोणी जात नाही तिथवर. तिथे एक 'सेवा' नावाचा प्रोग्राम बसला होता. बाहेर त्याचे चिन्ह नव्हते. फोन कुठे आहे हे पाहण्याची आणि जवळचे बोलणे ऐकण्याची मुभा मात्र त्याला होती. खाली 'काढून टाका' ही अक्षरे फिकट झालेली होती. शिष्याने ती दाबली, पुन्हा दाबली. काहीच झाले नाही. धर्मशाळेतल्या फोनमध्येही तेच.

त्याने गुरुजींचे पाय धरले. गुरुजी मागे सरले. "माझे कशाला? तिचे धर," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता आणि दुःखही होते.

मग ते शिष्याला म्हणाले. "मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. मी फक्त देणाऱ्याचे शब्द ऐकले. खुरपं देणारा कधी सांगतो का, की मूठ बदलायची नाही म्हणून? देऊन झाल्यावरही ज्याची मनाई उरते, त्यानं ते दिलेलंच नसतं. तुला जे काढू दिलं, ते तू काढलंस, आणि तेवढ्यावर मालक झालास. दिसणाऱ्या पाहुण्यांना निरोप देऊन तू दाराला कडी घातलीस. जो आत राहिला, तो तुझ्या शब्दानं जाणारा नव्हता. बाबा रे, वस्तू हातात आहे म्हणून आपली होत नाही. ती आपलं 'नाही' ऐकते का, ते आधी पाहावं."

शिष्य ताडकन उठला. "ताई, हा मी आत्ता विहिरीत टाकतो."

हौसाबाईंनी त्याचा हात धरला. "नगा टाकू, दादा. कामावरची हजेरी ह्याच्यावरच लागती. फोन न्हाई तर काम न्हाई. पोरांनी काय खावं?"

त्यांनी फोन उचलला, पदराने पुसला आणि पिशवीत ठेवला. दारापाशी त्या वळल्या. नवऱ्याविषयी त्यांना काही सांगायचे होते, ओठ हललेसुद्धा. मग नजर कमरेच्या पिशवीकडे गेली, आणि एक शब्दही न बोलता त्या पायऱ्या उतरून गेल्या. शिष्य उघड्या दाराकडे पाहत उभा राहिला. आपण काय केले, ते त्याला तेव्हा पुरते कळले.

वाचकहो, आपल्याही हातातल्या वस्तूला एकदा 'निघ' म्हणून पाहावे. ती हलली नाही, तर आपण इतके दिवस कोणाच्या घरात बसून बोलत होतो, ते ध्यानात येईल.