तेलाचा काटा

“आणि हा तेलाचा काटा कुणाला जोडलास?”

दस्तगीर उस्तादांनी डॅशबोर्डवर बोट ठेवून विचारलं, आणि इतका वेळ पोपटासारखा बोलणारा भूपाल चौगुले मीटरची काच पुसायला लागला.

तोवर सगळं झोकात चाललं होतं. गाड्यांचे मीटर दुरुस्त करायची विद्या भूपाल मिरजेत, उस्तादांच्याच दुकानात शिकला. पुढं पुण्याला जाऊन त्यानं नाव काढलं. जुन्या मोटारीत विजेची नवी मोटर बसवायची, पण समोरचे मीटर जुनेच ठेवून त्यांचे काटे पूर्वीसारखे हलवून दाखवायचे, यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. निदान तो स्वतः तसं सांगत असे. आज तो आपल्या वडिलांची, आप्पांची गाडी तशी करून गुरूला दाखवायला आला होता. शाबासकी घेतल्याशिवाय जायचं नाही, असं ठरवूनच.

वेगाचा काटा चाकावरच्या सेन्सरवर चालत होता. पेट्रोलचा काटा बॅटरी किती भरली ते सांगत होता, आणि तापमानाचा काटा बॅटरी किती गरम झाली ते. उस्ताद “व्हय”, “बरं” म्हणत सगळं ऐकून घेत होते.

घोडं पेंड खात होतं ते तेलापाशी. विजेच्या गाडीला इंजिन नाही. इंजिन नाही म्हणून तेल नाही. आणि तेलच नाही तर त्याचा दाब कसला दाखवायचा?

काटा मात्र ऐटीत मधोमध उभा होता.

“कशालाच नाही जोडला,” भूपाल म्हणाला. “आत एक बारकी मोटर बसवलीय. ती धरून ठेवते त्याला.”

“कशापायी?”

“मूळ गाडीसारखं दिसावं म्हणून. प्रदर्शनात लोकांनी किती कौतुक केलं, उस्ताद!”

“लोक करतीलच की.”

उस्तादांनी हात लांबवून किल्ली फिरवली आणि काढून घेतली. पेट्रोलचा काटा खाली आला. तापमानाचाही आला. तेलाचा जागचा हलला नाही.

दुकानाचा एक रिवाज होता. मीटर दुरुस्त झाला की आधी त्याची वायर सोडायची आणि काटा शून्यावर येऊन टेकतो का ते बघायचं. जो टेकत नाही, तो गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही. एवढ्या एका गोष्टीपायी भूपालच्या पाठीत किती धपाटे बसले होते, ते त्याच्या पाठीलाच ठाऊक.

“बंद गाडीत बी उभाच?”

“मुद्दामच केलंय. थेट बॅटरीवरून वायर घेतलीय.”

“चुकून न्हाई तर.”

“नाही.”

“मग लईच अवघड झालं...”

उस्ताद शेजारच्या सीटवर टेकले. घाई त्यांना कधीच नसे.

“मला तो पडलेला बघवत नाही, उस्ताद,” शेवटी भूपाल म्हणाला.

...

मग त्यानं सांगितलं. आप्पांचा फोन आला होता. तेलाचा काटा पार खाली गेलाय, जरा येऊन जा, म्हणाले. भूपालच्या हातात तेव्हा एका बड्या गिऱ्हाइकाची गाडी होती. काटा खोटं दाखवतोय आप्पा, बिनधास्त चालवा, असं त्यानं पुण्यात बसूनच सांगून टाकलं.

आप्पांनी चालवली. ज्याचा धंदाच काट्यांचा, तो पोटचा मुलगा सांगतोय म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला विचारायचं कशाला? जतच्या रस्त्यावर इंजिन जाम झालं. तेल खरोखरच संपलं होतं.

“बोलले काय तुला?”

“बोलले असते तर बरं झालं असतं. उलट गावभर सांगायचे, गाडीच म्हातारी झाली होती म्हणून. पण परत कधी स्टिअरिंगला हात लावला नाही त्यांनी. मी म्हणायचो, इंजिन बसवून देतो, पुढच्या महिन्यात येतो... आणि आप्पाच गेले.”

चाळिशी उलटलेला माणूस, स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. उशिरा आलेला पश्चात्ताप माणसाला स्वस्थ बसू देत नाही, कामाला जुंपतो. भूपालला त्यानं या गाडीला जुंपलं होतं, आणि कौतुकाचे चार शब्द मिळाले तरी सोडलं नव्हतं.

उस्तादांनी समजूत घातली नाही. खिशातली पक्कड काढून त्याच्यापुढं धरली.

“तुम्हीच तोडा, उस्ताद.”

उस्तादांनी पक्कड तशीच पुढं धरून ठेवली. 

भूपाल डॅशबोर्डखाली वाकला. वायर हाताला लागली, तरी बराच वेळ तो तसाच वाकून राहिला. मग एकदाचा कट्‌कन आवाज झाला.

वर बघायचा धीर होत नव्हता, तरी त्यानं बघितलं. काटा एकदम कोसळला नाही. आतली जुनी स्प्रिंग त्याला सावकाश ओढत गेली आणि तिनं त्याला शून्यावर नेऊन टेकवलं.

“पडला, उस्ताद...”

“पडायचाच त्यो. आज बघायला तू हुतास.”