न तुटलेला दोर

अवजारं माणसांशी बोलायची आणि माणसं ऐकूनही घ्यायची, त्या काळातली ही गोष्ट. धाकू नाखवा छोट्या होडीतून खोल समुद्रात कुपा धरायला जायचा. कुपा म्हणजे माणसाएवढा, रेड्याच्या ताकदीचा मासा. धाकूच्या गळाचा दोर होडीच्या काठाला बांधलेला असे आणि दोराशेजारी उघडी सुरी टांगलेली असे. होडी कलली की दोर कापायचा, ही बापजाद्यांची रीत होती.

नारळी पौर्णिमेला होडीची पूजा झाली, तेव्हा दोर रुसला. "नाखवा, माझ्या मानेशी ही अवदसा कशाला? मी कधी दगा दिलाय?"

"तू दगा देणार नाहीस, हीच तर भीती आहे," सुरी म्हणाली.

नाखव्याला दोराचंच पटलं. त्यानं दोराला झेंडूचा हार घातला आणि सणाला उघडं पातं नको म्हणून सुरी डब्यात टाकली. सण सरला, तरी सुरी डब्यातच राहिली.

पुढच्याच फेरीला मोठा कुपा लागला आणि सरळ तळाकडे निघाला. होडीचा काठ पाण्याला टेकला. नाखवा डब्याकडे धडपडत ओरडला, "सोड रे, सोड त्याला!"

"मी कुणाला सोडत नसतो, नाखवा," दोर अभिमानानं म्हणाला.

पालथी होडी किनाऱ्याला लागली. धाकू मिळालाच नाही. दोर मात्र काठाला तसाच घट्ट होता.

"काय दोर आहे! तुटला नाही," लोक म्हणाले.

धाकूच्या भावानं तो सोडवला, हार घालून आपल्या होडीला बांधला. त्याच्या होडीतली सुरीही डब्यातच होती.