कुणालाच ठाऊक नसलेली वाट

राजा झुंजाररावाची माफी नदीकाठी अडकून पडली होती!

झालं होतं असं, की राजाने भर पंगतीत राणीसाहेबांच्या आमटीला 'हत्तीच्या अंघोळीचं पाणी' म्हटलं. राणीसाहेब तडक डोंगरापलीकडे माहेरी निघून गेल्या. राजाला पश्चात्ताप झाला. त्याने हरकारा धाडला, "त्यांना सांग, मीच चुकलो."

पण त्या राज्याची रीतच अजब! प्रत्येक चौकीवर एक दगड उभा होता. कुठल्या गावाला कुठून जायचं, ते राजाच्या आजोबांनी त्यावर कोरून ठेवलं होतं. त्या वाटेवरून वाकडं पाऊल टाकलं, की जन्मभर चक्की पिसायची! दगड म्हणे, पुलावरून जा. पूल तर पुरात वाहून गेलेला. हरकारा काठावर बसून राहिला. दुसरा धाडला, तोही त्याच्या शेजारी बसला. बसता बसता तिथे हरकाऱ्यांची वस्ती झाली, एकाचं तर लग्नही लागलं, पण माफी काही पलीकडे जाईना.

शेवटी सटवाजी नावाच्या हरकाऱ्याने वैतागून शेळ्यांची पायवाट धरली. शिपायांनी त्याला अर्ध्यातच पकडून चक्कीला जुंपलं.

त्याची लेक भिवरा थेट दरबारात आली. "महाराज, माझा बाप तुमच्याच राणीसाहेबांना निरोप द्यायला निघाला होता ना? मग त्याला शिक्षा कशाची?"

"त्याने दगडाचा हुकूम मोडला!"

"आणि पूल मोडला त्याचं काय? पुलालाही जुंपा की चक्कीला!"

दरबारी तोंडाला उपरणं लावून खोकले. राजा लालबुंद झाला. "फार शहाणी आहेस! मग उद्या कुठली वाट बंद पडणार, ते आजच जाणणारा नकाशा करून आण. नाहीतर बाप दळेल आणि तू पीठ चाळशील!"

"करते. पण आधी ते दगड उपटा, आणि चौकीदारांना चकाट्या पिटायची परवानगी द्या."

"चकाट्या?"

"आमच्या गावात कुणाची म्हैस व्याली, ते कुठे कोरलेलं नसतं महाराज. शेजारीण शेजारणीला सांगते, आणि संध्याकाळी चीक मागायला सगळा गाव दारात!"

दगड उपटले गेले आणि भिवराने प्रत्येक चौकीवर ढोल ठेवला. वाट मोकळी असेल, तर रोज सकाळी ढोल वाजवून शेजारच्या चौकीला ओरडून सांगायचं, 'राणीचं माहेर माझ्यापासून इतक्या चौक्या लांब, राजवाडा इतक्या!' ऐकणाऱ्याने त्यात एक मिळवायचा. ज्या शेजाऱ्याचा आकडा सगळ्यात लहान, त्याच्याकडे हरकारा धाडायचा. ज्याचा ढोल वाजलाच नाही, त्याची वाट मेली असं धरून दुसरा शेजारी बघायचा. सगळं राज्य माहीत असायची कुणालाच गरज नाही!

पण पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. घाटात दरड कोसळून म्हाळू चौकीदाराची पुढची वाट बंद पडली. शेजारचा निंबा ओरडला, "माहेर ना? माझ्याकडून जाता येतं की!" म्हाळूने हरकारा निंबाकडे धाडला. निंबाने तो परत म्हाळूकडे पिटाळला.

"अरे, तुझ्याकडून वाट आहे म्हणालास ना?"

"मी तुझ्याच भरवशावर म्हणालो!"

बिचारा हरकारा दोघांमध्ये हेलपाटे घालत राहिला, आणि दोघंही एकमेकांच्या आकड्यात एक मिळवत असल्याने दर हेलपाट्याला माहेर एकेक चौकी लांब जाऊ लागलं. राजा खूश! "असंच चाललं तर राणीसाहेबांचं माहेर लंकेत जाईल!"

चक्कीने भिवराच्या बापाच्या हाताला फोड आले होते. मग तिला पाणवठ्यावरच्या बायकांच्या गप्पा आठवल्या आणि ती हसली. जिच्याकडून बातमी ऐकली, तिलाच ती परत कोण सांगतं? तिने फर्मावलं, "ज्याच्याकडून वाट कळली, त्याला तीच वाट सांगायची नाही!"

निंबा गप्प झाला. तेव्हा कुठे म्हाळूला शेळ्यांच्या पायवाटेकडच्या चौकीचा ढोल ऐकू आला. आकडा मोठा होता, पण खरा होता. हरकारा तिकडे पळाला.

आता राजा हट्टाला पेटला. आपल्याला राणी परत हवी आहे, हे विसरून त्याने रोज नव्या वाटेवर आपला हत्ती आडवा झोपवायला सुरुवात केली. हत्ती आडवा झाला, की तिथला ढोल गप्प व्हायचा आणि माणसं दुसरीकडून जायची.

आणि एके दिवशी दरबारात राणीसाहेब दत्त म्हणून उभ्या!

राजा ताडकन उठला. "तुम्ही कुठल्या वाटेने आलात?"

"मला काय ठाऊक! एका चौकीने पुढच्या चौकीकडे धाडलं, तिने तिच्या पुढच्या. आणि प्रत्येक चौकीदार म्हणाला, 'या बाईसाहेब, राजे चुकले म्हणतात!'"

राजा कानापर्यंत लाल झाला. तो भिवराकडे वळला. "पण माझा नकाशा कुठे आहे?"

"महाराज, राणीसाहेब कुठून आल्या, ते तुम्हाला ठाऊक आहे?"

"नाही."

"त्यांना नाही, मलाही नाही. तरी त्या आल्या! हत्ती उद्या कुठे झोपणार, हे तुम्हालाच आदल्या दिवशी माहीत नसायचं, मग नकाशाला कुठून असणार? चुकायला आधी नकाशा असावा लागतो, महाराज. आम्ही तोच ठेवला नाही!"

"हत्ती? कुठला हत्ती?" राणीसाहेबांनी विचारलं.

राजाने जीभ चावली, भिवराकडे पाहिलं आणि पोट धरधरून हसत सुटला. सटवाजीची चक्की सुटली आणि सगळ्या चौक्यांचा मुख्य म्हणून त्याला पागोटं मिळालं. भिवराने बक्षीस म्हणून उपटलेले दगड मागितले, त्यांचे पाटे-वरवंटे घडवून गावोगावच्या बायकांना वाटले. पहिला पाटा गेला राणीसाहेबांच्या मुदपाकखान्यात. त्यावर वाटलेल्या मसाल्याची आमटी राजाने वाटी पुढे करकरून मागून घेतली!