मोडलेली शीग

धामणखोलच्या पावणाईला तांदूळ वाहायचे तर माप सपाट भरावे लागते. इतर गावांत देवाचे माप शिगेने भरतात, वर ढीग रचून, कडेने ओघळेपर्यंत. इथे मात्र ती शीग बोटाने सारून खाली पाडतात. पाहुणे एकमेकांकडे बघतात. देवीच्या दारात चिक्कूपणा! गावकरी ऐकून घेतात, रागावत नाहीत. त्यामागे बंदुकीच्या एका बाराची गोष्ट आहे, असे सांगतात.

पालखी बाहेर पडताना ठासणीच्या बंदुकीचा बार काढायचा मान गावड्यांचा. बापामागे तो भिवा आणि सोमा या भावांकडे आला. थोरला भिवा दारू ठासायचा, धाकटा सोमा चाप ओढायचा. बापाने मरताना शिंगाचे एक माप हाती दिले होते. या बंदुकीला एवढीच दारू, काठाला काठ, असे बजावूनही ठेवले होते.

एके वर्षी सोमाची बायको बाळंतपणात अडली. दोन जीव टांगणीला लागले, तेव्हा तो पावणाईला नवस बोलला: दोघे वाचली तर घाटमाथ्यावर ऐकू जाईल असा बार काढीन. दोघेही वाचली.

आता नवस फेडताना हात राखून कसे चालेल? देवीला द्यायचे ते शिगेने, हेच सोमा लहानपणापासून बघत आला होता. त्याने मापावर दारूची शीग रचली आणि नळीत ओतली. मन भरेना, म्हणून वर तसेच आणखी एक माप. भिवाने काथ्याचा बोळा घालून लोखंडी गजाने दारू ठासली. गज नेहमीपेक्षा कितीतरी वर राहिला.

“सोम्या, दारू ती, भात नाय. भायर काढ.”

“दादा, देवीच्या नवसाक खंय माप आसता?”

पालखी उंबऱ्याशी आली होती, ढोल घुमू लागले होते. भिवाने गज काढून घेतला आणि तो भावाशेजारी उभा राहिला.

बार घाटावर ऐकू गेला म्हणे. नळी मात्र फुटली. सोमाची बोटे तुटली आणि भिवा जागच्या जागी गेला.

गाव समजूत काढायला जमले. देवीनेच भिवाला मागून घेतले, त्यात तुझा काय दोष, असे जाणती माणसे म्हणाली. तो आधार सोमाला हवाहवासा वाटला असेल. कुणाला वाटणार नाही? पण समोर भिवाची बायको राधाई बसली होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, “देवीन मागल्यान नाय. शीग मियां लावलंय.” मान दुसऱ्या घराला द्या, असे सांगून त्याने शिंगाचे माप देवळाच्या पायरीवर ठेवले.

ते राधाईने उचलले. “बार तूच काढतलंस,” ती म्हणाली, “पण शीग मी मोडतलंय.”

पुढच्या जत्रेला नवी बंदूक आली. सोमाने आधी देवीला तांदूळ वाहिले, तेही सपाट. त्याचे बघून गावानेही तीच रीत धरली.

आजही बाराच्या वेळी गावड्यांची थोरली सून पुढे येते, दारूच्या मापावरून अंगठा फिरवते आणि शीग जमिनीवर पाडते. बार काढणारा माप हातात घेतो आणि दोष देवीवर जाऊ नये म्हणून सगळ्यांदेखत म्हणतो, “माप माझां.” तोवर पालखी जागची हलत नाही, मग नवस कितीही मोठा असो.