वाकदऱ्याचा देव पाण्यात का आहे

चपला पायरीवरच राहू द्या, पाहुणे. इथून काही चोरीला जात नाही. गाभाऱ्यात डोकावा हवं तर. समई आहे, घंटा आहे, जोत्यावर ताजी झेंडूची फुलं आहेत, पुढे नैवेद्याचं ताट आहे. देव नाही. बाहेरगावचा माणूस आला की हमखास दचकतो आणि हळूच विचारतो, गुरवबाबा, मूर्ती कुणी नेली? कुणी नेली नाही. आमचा भैरोबा समोरच्या तळ्यात आहे, त्याच्या डोक्यावरून पाणी जाईल इतका खोल. आम्हीच त्याला बुडवून ठेवलंय. मी अंबादास, देव नसलेल्या देवळाचा गुरव. रोज सकाळी कंबरभर पाण्यात उतरतो, वाकून चाचपडतो आणि त्याच्या कपाळाला गंध लावतो. ते लगेच धुऊन जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावतो.

असं सांगतात की ही गोष्ट माझ्या आजोबांच्या, केरबा गुरवाच्या वेळची. खाली गंगथडीला, नदीकाठच्या मुलखात, साखर कारखाने नवे नवे उभे राहिले होते. दसरा झाला की या डोंगरातली माणसं बैलगाड्या जुंपून ऊस तोडायला निघायची आणि लेकरंही गाडीत बसायची. फडात लेकरू वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधायचं, धाकट्याला कडेवर घ्यायचं. गावाला शाळा नव्हती असं नाही, सरकारदरबारी होती. देवळाच्या या ओवरीत ती भरायची म्हणे. मास्तर राहायचा तालुक्याला. दसऱ्याला तेवढा पाटीपूजनाला उगवायचा, पाटीवर सरस्वती काढायचा आणि नारळ, शिधा घेऊन परत जायचा. बाकीचं वर्षभर ओवरीत शेळ्या बसायच्या, आणि त्यांची हजेरी चोख असायची.

गाव काही करत नव्हतं असंही नाही. गाव नवस बोलत होतं. शाळा चालू दे रे भैरोबा, तुला बकरं देतो. बकरी गेली, शाळा काही आली नाही.

तेव्हा गावात धुरपदा कोळीण होती. देवाच्या आंघोळीचं पाणी भरायचा मान तिच्या सासरच्या घराण्याकडे. पहाटे तळ्यातून घागर भरून आणायची आणि उंबऱ्याबाहेर ठेवायची. आत पाऊल टाकायची तिला मुभा नव्हती, आतलं सगळं गुरवाचं. नवरा फडातच पान लागून, म्हणजे साप चावून, गेलेला. तिला एकुलती एक लेक, ठकू. ठकूला वाचायचं होतं. का, ते विचारू नका. तहान का लागली असं कुणी कुणाला विचारत नाही.

त्या दसऱ्याला पाटीपूजन झालं, मास्तर घाट उतरून गेला. ठकू पाटी पोटाशी धरून म्हणाली, "माय, मास्तर आता पुढच्या दसऱ्याला का?" दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या निघायच्या होत्या, धुरपदेचीही भाकरी-चटणी बांधून झाली होती.

सकाळी ती देवळात आली ती रिकामी घागर घेऊन. घागर तिने उंबऱ्यावर ठेवली आणि ती आत शिरली. केरबा आजोबा "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिने देव उचलून पदरात गुंडाळला, चुंबळीवर ठेवला आणि तळ्याची वाट धरली. घागरीएवढाच देव आमचा, पण शेंदराच्या थरांनी जड झालेला. तिची मान म्हणे तसूभर वाकली नाही. आजोबा मागे रडत, आणि त्यांच्या मागे जुंपलेल्या गाड्या सोडून सगळा गाव.

गावचे पाटील हैबतराव काठावरून ओरडले, "धुरपदे, काय करायलीस? देव हाय त्यो."

"म्हाईत हाय. पाऊस लांबला की तुम्हीच बुडिवता न्हवं ह्याला? तवा देव नसतो का?"

"ते पावसासाठी असतंय."

"हे साळंसाठी."

तळ्याच्या मधोमध खडकात एक खळगा आहे. त्यात तिने देव बसवला आणि पाण्यात उभी राहून त्यालाच दटावलं, "भैरोबा, ऐक. ह्या शिवंत ज्याची चूल पेटंल त्याचं शेवटचं लेकरू साळंत बसून वाचंस्तोवर तुला वर येणं न्हाई. बकरी लई खाल्लीस. आता जीव गुदमरला तर तूच बघ काय करायचं ते."

आता यातली मेख बघा. देव एकदा पाण्यात ठेवला की मागणं पुरं होईपर्यंत त्याला वर काढता येत नाही. काढला तर गावावर अरिष्ट येतं. ही रीत धुरपदेची नव्हती, गावाचीच होती, वाडवडिलांपासून. पावसासाठी केलेल्या त्या रीतीत तिने अख्खं गाव बांधून टाकलं. लोक चिडले, तिला वेडी म्हणाले, तिच्या दारावरून जाताना थुंकले. पण देव काढायला पाण्यात उतरायची छाती एकाचीही झाली नाही. नवरा-नवरी देवदर्शनाला येऊन जोत्याला कुंकू लावून परत जायला लागली, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, आता ही शाळा आणायची कुठून. आणि असं सांगतात की थोड्याच दिवसांत देवाच्या अंगावरचा शेंदराचा थर पाण्यात सुटून गेला आणि खालून कुणी कधी न बघितलेले डोळे दिसले. उघडे. धुरपदा म्हणाली, झाली एकदाची ह्याला जाग.

मग त्याच बैलगाड्या उसाला न जाता तालुक्याला गेल्या. ऊसतोडीचा मुकादम शिव्या घालत राहिला. कचेरीच्या आवारात गावाने बैल सोडले, चुली मांडल्या. साहेब बाहेर आला आणि म्हणाला, काय पाहिजे तुम्हाला? हैबतराव म्हणाले, "सायेब, आमचा देव बुडालाय. काढून द्या."

साहेबाला वाटलं चोरीबिरीची भानगड असेल. पोलिसात जा म्हणाला. सगळं सांगितल्यावर हसला. "अहो, डोंगरात मास्तर टिकत नाही. आणि तुमची पोरं तर उसालाच जाणार. शिकून करणार काय ती?"

हैबतराव तोवर आतून धुरपदेवर खार खाऊनच होते. पण हे ऐकलं आणि त्यांचं डोकं सटकलं. "काय करणार ते लेकरं सांगतील की. आधी वाचता तर येऊ द्या." आणि तिथेच घोंगडी टाकून बसले. गाव बसलं. आवारात शेणाचे पो पडले, कचेरीच्या पायरीवर भाकरी भाजल्या गेल्या, बायांनी तिथेच जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. शेवटी साहेबच कंटाळला. त्याने टाकसाळे नावाचा एक तरुण मास्तर दिला. गावाने त्याला गाडीत बसवून आणलं आणि पळून जाऊ नये म्हणून त्याच्या बायकोलाही लगोलग आणलं.

शाळा भरू लागली. उसाला जाणं काही सुटलं नाही, पोट होतंच. पण त्या वर्षापासून लेकरं गाडीत बसली नाहीत. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या एकेका चुलीवर चार घरच्या लेकरांचं रांधायला लागल्या. ती रीत अजून आहे. मग एक दिवस पाटील म्हणाले, लेकरू न् लेकरू ओवरीत बसलंय, चला, देव काढू. हलगी आली, गुलाल आला. केरबा आजोबा धोतर खोचून पाण्यात उतरले.

धुरपदा म्हणाली, "थांबा. वाचंस्तोवर म्हणलं व्हतं, बसंस्तोवर न्हाई." तिने ठकूला पुढे बोलावलं आणि पुस्तक उघडून दिलं. ठकू घडाघडा वाचू लागली. लोकांनी माना डोलावल्या. धुरपदेला स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हतं. तिने काय केलं, आपला पंजा त्या पानावर आडवा ठेवला. सगळं पान झाकलं गेलं. ठकू वाचतच राहिली.

हलगी थांबली. बाईचं तोंड म्हणे राखेसारखं झालं. जिच्यासाठी देव बुडवला ती पोर पाठ केलेलं बोलत होती. टाकसाळे मास्तर खाली मान घालून म्हणाला, "बाई, चार वर्ग, एक ओवरी आणि एवढं एकच पुस्तक. मी म्हणतो, पोरं माझ्यामागे म्हणतात. दुसरं काय करू?" धुरपदा त्याला रागावली नाही. ती गावाकडे वळली. "ऐकलंत? देव हाय तिथंच राहू द्या." गाव परत गाड्या जुंपून तालुक्याला गेलं. या वेळी साहेबाने बैल बघूनच पुस्तकं काढून दिली, आणि दुसरा मास्तरही दिला.

पुढल्या उन्हाळ्यात मोठा दुष्काळ पडला. तळं आटलं, चिखल फुटला, देव उन्हात उघडा पडला. काही जण म्हणाले, सुटलो, देव आपणहून वर आला. धुरपदा म्हणाली, देव वर आला नाही, पाणी खाली गेलं. ती हंडाभर पाण्यासाठी कोसभर जात होती. त्यातलं तांब्याभर आणून तिने खळग्यात ओतलं. तिला बघून टाकसाळ्याच्या बायकोने ओतलं. मग घरोघरचं तांब्याभर पाणी यायला लागलं. पाटलांनी आपल्या हाताने आणून ओतलं. प्यायला पाणी नव्हतं, पाहुणे, आणि या गावाने देव बुडता ठेवला. मला विचाराल तर वाकदरा हे गाव त्या उन्हाळ्यात वसलं. त्याआधी नुसती घरं होती.

पाऊस झाल्यावर धुरपदेने पुन्हा ठकूला उभं केलं. नवं पुस्तक, न बघितलेलं पान. ठकू अडखळत, बोट ठेवत वाचू लागली. धुरपदेने पानावर पंजा ठेवला. ठकू थांबली. आईकडे बघून म्हणाली, "माय, हात काढ. दिसंना."

धुरपदा तिथेच मटकन बसली आणि पोटभर रडली, असं सांगतात.

पाटील म्हणाले, बाई, झालं तुझ्या मनासारखं, आता काढू देव. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "माझं एकलीचं मागणं व्हतं का? शेवटचं लेकरू म्हणलं व्हतं. वरच्या वस्तीवरली तुम्ही धरलीच न्हाईत, ती अजून आलीच न्हाईत." ती गेली तेव्हाही देव पाण्यातच होता.

आजही जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी सगळं गाव तळ्यावर जमतं. लेकरं वाचतात, आणि गावातली सगळ्यांत म्हातारी बाई प्रत्येकाच्या पानावर पंजा ठेवते. मी पाण्यात देवाला धरून उभा असतो. शेवटी म्हातारी विचारते, शिवेच्या आत कुणाचं लेकरू राहिलं का? गेल्या वर्षी कुणी बोलेना. मी देव उचलला. त्याचं कपाळ पाण्याबाहेर आलं, त्यावर ऊन पडलं. माझ्या उभ्या जन्मात मी ते पहिल्यांदा बघितलं. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "माझं हाय." माळावर नवी वीटभट्टी लागली आहे, तिथली. परमुलखातली. एक जण म्हणाला, ती काही गावची नव्हे. सरकारातूनही आता निरोप येतात, तुमच्या शाळेत पट कमी, शाळा बंद करा, लेकरं मोठ्या गावाला धाडा. म्हणजे त्या साहेबाचं जुनंच बोलणं, नव्या तोंडातून. त्यांना आम्ही उत्तर धाडलंय, आमचा देव बुडालेला आहे, तो वर आला की कळवू. आणि ती गावची नव्हे म्हणणाऱ्याला म्हातारीने विचारलं, त्या बाईची चूल शिवेच्या आत पेटते का बाहेर? देव मी माझ्या हाताने परत खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी भट्टीवरचं ते लेकरू ओवरीत येऊन बसलं.

तर नमस्कार करायचा असेल तर गाभाऱ्याकडे नको, तळ्याकडे तोंड करून करा. काय मागायचं ते मागा, देव कडक आहे, पावतो. फक्त, देवा, आता वर ये, असं त्याला म्हणू नका. ते त्याच्या हातात नाही.