देवीच्या चेहऱ्यावरचा थेंब

"पण महाराज, थेंब नेमका देवीच्या चेहऱ्यावरच का येऊन बसतो?"

श्रीरंगानं कॅमेरा गुरूंपुढे धरला. काडेपेटीहून थोडा मोठा, पाण्यात बुडवला तरी चालणारा. तालुक्याच्या गावी त्याचं अशाच वस्तूंचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला पटवताना तो कधी अडखळला नव्हता. आज मात्र त्याची मती गुंग झाली होती.

देवी धबधब्याच्या मागे, कपारीत. आई दर श्रावणात डोक्यावर पदर घेऊन त्या तुषारांतून आत जायची. यंदा ती अंथरुणाला खिळली होती. "एकदा तिचा चेहरा दाखव रे," एवढंच म्हणाली होती.

सकाळपासून तो तीनदा आत जाऊन आला. पहिल्या दोन्ही वेळी चित्रात कपार स्वच्छ, दिवा स्वच्छ... आणि मुखवट्याच्या जागी पाण्याचा गोल डाग.

निरंजनगिरी महाराज धुनीपाशी बसले होते.

"काच पुसलीस?"

"दर वेळी! खास कापड आहे त्याचं. वर पाणी धरू न देणारा फवाराही मारला. शेवटी निरांजनातलं तूप चोळून पाहिलं."

"मग?"

"एकीच्या चार देव्या दिसल्या."

"वा! म्हणजे आईला चौपट दर्शन."

"थट्टा नको हो, महाराज... ती वाट बघतेय."

महाराजांचं हसू विरलं.

"चाट."

"काय?"

"काच चाट. ओली आहे तोवर आत जा. पुसू नकोस."

श्रीरंग दोन पावलं मागं सरला. अंगावर सोवळं होतं.

"उष्टी करू? देवीसमोर न्यायची वस्तू?"

महाराजांनी धुनीतलं लाकूड तेवढं पुढं सारलं.

"लहानपणी डोळ्यात कुसळ गेलं, की आई काय करायची?"

"पदराच्या टोकानं काढायला बघायची."

"नाहीच निघालं तर?"

श्रीरंगानं हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. धबधबा कोसळत होता...

"मांडीवर डोकं घ्यायची," तो हळूच म्हणाला. "पापणी उघडायची. आणि जिभेनं..."

त्यानं पाठ फिरवली, काच चाटली आणि आत शिरला.

पाणी आता काचेवर गोळा होत नव्हतं. पातळ पसरत होतं. वरून थेंब पडला, की त्यातच मिसळून ओघळून जात होता. खांदा भरून येईतो त्यानं हात तसाच धरला.

बाहेर येऊन त्यानं कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर पाहिलं. नथ. भिजलेलं कुंकू. उघडे, शांत डोळे.

"दिसली गं..." तो पुटपुटला. समोर महाराज होते, पण बोलत होता आईशी.

डोळे भरून आले. त्यानं घाईनं ते खास कापड काढलं आणि डोळ्यांकडे नेलं.

महाराजांनी अलगद त्याचं मनगट धरलं.

"कापड ठेव. पुसू नकोस. तसाच जा घरी."