चिमणीचा राहिलेला पंख

फार जुनी नाही, पण लॅपटॉपांच्या हिशेबात युगापूर्वीची गोष्ट. हेमांगीताईंच्या भरतकामाच्या दुकानात एक म्हातारा लॅपटॉप होता. कंपनीने त्याच्या जुन्या सिस्टीमला अपडेट देणं बंद केलं, तेव्हापासून त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

"काय आजोबा, आज तरी आलं का अपडेट?" ताईंचा मोबाइल रोज डिवचायचा. लॅपटॉपचा पंखा उगाचच घरघरत राहायचा.

एके दिवशी ताई म्हणाल्या, "उद्या नवी सिस्टीम टाकते रे तुझ्यात." लॅपटॉप हरखला. शेजारचं भरतकामाचं मशीन मात्र गप्प होतं.

"तुला आनंद नाही झाला, बाई?"

"झाला की. पण माझी भाषा तुझ्या जुन्या सिस्टीमलाच कळते. दुपट्यावरची ही चिमणी अर्धीच राहिली आहे. उद्यापासून मला टाका कुठे घालायचा ते कोण सांगणार? मी भंगारातच जाणार."

लॅपटॉपचा पंखा थांबेना.

दुसऱ्या दिवशी ताई नवी सिस्टीम टाकायला बसल्या. लॅपटॉपने आपली अर्धी रिकामी डिस्क एकदा चाचपली आणि पडद्यावर लिहिलं, 'नव्यासाठी जागा नाही.'

ताईंनी पुन्हा करून पाहिलं. तेच उत्तर. सुस्कारा सोडून त्यांनी मशीनच्या सुईत दोरा ओवला.

"आजोबा, चक्क खोटं बोललात!" मोबाइल ओरडला.

"गप रे," लॅपटॉप म्हणाला. "चिमणीचा एक पंख राहिलाय अजून."